कॅज्युअल्टीच्या दारातला डॉक्टर : पनवेल परिसर आणि आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या शिक्षणाचा इतिहास

आपत्कालीन वैद्यकशास्त्राला भारतात स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा मिळाला तो जुलै २००९ मध्ये. भारतीय वैद्यक परिषदेने त्या महिन्यात या विषयाचा तीन वर्षांचा एमडी अभ्यासक्रम मान्य केला. त्याआधीही अपघातातले जखमी, हृदयविकाराचे झटके, विषबाधा, सर्पदंश यांवर उपचार होतच होते. पण हे काम शिकवणारा विभाग नव्हता, त्याचे अध्यापक नव्हते आणि ते डॉक्टरला येते की नाही हे तपासणारी परीक्षाही नव्हती. मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, भूलशास्त्र, बालरोग या सर्व विभागांच्या सीमेवर हा रुग्ण येऊन पडे, आणि सीमेवरच्या कामाला सहसा कोणी वाली नसतो.

पनवेल तालुक्याचा नकाशा पाहिला की ही उणीव किती महागात पडणारी होती ते कळते. मुंबईहून येणारा शीव-पनवेल रस्ता, जुना मुंबई-पुणे महामार्ग, पळस्पे फाट्यावरून कोकणात उतरणारा गोवा महामार्ग, उरणच्या बंदराकडे जाणारा कंटेनरचा रस्ता आणि कळंबोलीपासून निघणारा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग या एका तालुक्यात एकत्र येतात. तळोजा आणि रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. कर्नाळ्याच्या जंगलात आणि भोवतालच्या भातखाचरांत फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप आढळतात. १९९८ पासून कोकण रेल्वेच्या गाड्याही पनवेलवरून धावू लागल्या. त्यामुळे महामार्गावरचा जखमी, रसायनाने भाजलेला कामगार आणि शेताच्या बांधावर साप चावलेली बाई हे तिघे एकाच रात्री एकाच दारात येऊ शकतात. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २०१६ या एका वर्षात त्यावर १५१ जणांनी प्राण गमावले. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था आणि राज्य रस्ते विकास महामंडळ यांनी इतरांच्या सहकार्याने मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला. रस्ता सुधारणे हा त्यातला एक भाग होता, तर जखमीपर्यंत पोहोचणारे हात सुधारणे हा दुसरा.

हे हात पूर्वी कोणाचे असत? रुग्णालयाच्या ज्या खोलीत सर्वांत अस्थिर रुग्ण येतो, त्या कॅज्युअल्टीत सर्वांत नवखा डॉक्टर उभा असे. शासकीय आणि महापालिका रुग्णालयांत एक कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सीएमओ, आणि त्याच्या हाताखाली इंटर्न. खासगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, आणि तो बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. सीएमओचा बराचसा वेळ पोलीस केसची नोंद, एमएलसीचा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा कागद, मृत्यूची सूचना आणि कोणाला 'कॉल' द्यायचा हे ठरवण्यात जाई. मेडिसिनचा रेसिडेंट 'हे सर्जरीचे आहे' म्हणे, सर्जरीचा रेसिडेंट 'आधी मेडिसिनचा फिटनेस आणा' म्हणे, आणि ट्रॉली तिथेच राही. १९९७ च्या पदवी शिक्षण नियमावलीत इंटर्नशिपमधले फक्त १५ दिवस कॅज्युअल्टीसाठी राखलेले होते. त्या पंधरवड्यात इंटर्न टाके घालायला, प्लास्टर धरायला आणि रक्ताच्या बाटल्या आणायला शिकत असे. श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ आली की मात्र भूलतज्ज्ञाची वाट पाहावी लागे. या विद्याशाखेचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे कसलेला हात वॉर्डातून उचलून दारात आणून उभा करण्याचा इतिहास आहे.

परदेशातही हीच अडचण होती आणि ती सुटायला तिथेही वेळ लागला. ब्रिटनमध्ये लीड्स येथे १९५२ मध्ये मॉरिस एलिस यांची या कामासाठी पूर्णवेळ वरिष्ठ पदावर नेमणूक झाली. १९६२ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने रुग्णालयांतील कॅज्युअल्टीच्या जागी सुसज्ज अपघात व आपत्कालीन विभाग उभारण्याची शिफारस केली. १९६७ मध्ये कॅज्युअल्टी सर्जन्स असोसिएशन स्थापन झाली. अनेक रूपांतरांनंतर तिच्याच परंपरेतून आजचे रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिन उभे राहिले. अमेरिकेत १९६८ मध्ये या डॉक्टरांची संघटना झाली आणि १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात पहिला रेसिडेन्सी अभ्यासक्रम सुरू झाला. स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मात्र १९७९ मध्ये मिळाली. या नऊ वर्षांच्या विलंबाचे एक कारण परीक्षा हे होते. इतर शाखांचे म्हणणे असे की सगळ्यांचे थोडे थोडे जाणणाऱ्या माणसाला तज्ज्ञ म्हणता येत नाही. त्याला उत्तर म्हणून या शाखेच्या नव्या प्रमाणन मंडळाने आधी परीक्षाच तयार केली. खऱ्या तज्ज्ञांना आणि नवख्यांना ती देऊन पाहिली, आणि ती दोघांतला फरक ओळखते हे दाखवून दिले. विद्याशाखेला मान्यता मिळण्यापूर्वी तिची परीक्षा सिद्ध झाली, असे उदाहरण वैद्यकात विरळच.

भारतात या क्षेत्राला पहिला मोठा रेटा परीक्षागृहातून नव्हे, न्यायालयातून मिळाला. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निर्णय दिला की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत. पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने आणखी पुढे जाऊन वेळेवर आपत्कालीन उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. मदत करणाऱ्या वाटसरूंना संरक्षण देणारा निर्णय मार्च २०१६ मध्ये आला. त्यामागोमाग २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने अपघातानंतरच्या पहिल्या तासाची, 'गोल्डन अवर'ची व्याख्याच कायद्यात घातली. कायद्याने कर्तव्य लादले खरे, पण ते पार पाडण्याचे कौशल्य कोणी शिकवायचे हा प्रश्न शिल्लक राहिला.

कटारा निर्णयाचे १९८९ हे वर्ष पनवेल तालुक्यासाठी दुसऱ्या दोन कारणांनीही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी शेजारच्या उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि तालुक्यातल्या रस्त्यांवर कंटेनरची अवजड वाहतूक आली. त्याच वर्षी कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. कमलकिशोर कदम यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये नांदेडला सुरू झालेल्या या संस्थेने शीव-पनवेल रस्त्यालगत रुग्णालय उभारले आणि परिसरात प्रथमच अध्यापन करणारे मोठे रुग्णालय झाले. महाविद्यालय आधी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यातील वैद्यकीय परीक्षा त्याच्याकडे गेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये महात्मा गांधी मिशनला, म्हणजे एमजीएमला, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि अभ्यासक्रम चालवणे व परीक्षा घेणे ही दोन्ही कामे एका छताखाली आली. अभिमत विद्यापीठांच्या परीक्षांकडे काही मंडळी साशंकतेने पाहतात. त्या शंकेला उतारा असा की पदव्युत्तर प्रात्यक्षिकासाठीच्या चार परीक्षकांपैकी दोन बाहेरच्या विद्यापीठांतून यावे लागतात, आणि हा नियम नाशिकलाही तितकाच लागू आहे.

रायगड जिल्ह्याने या शास्त्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी मात्र कोणत्याही महाविद्यालयातून आलेली नाही. ती महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आली. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे १९७६ मध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावल्यावर धडधाकट माणसे आणि मुले काही तासांत फुफ्फुसांत पाणी होऊन दगावत. दहातल्या चौघांपर्यंत मृत्यू होत. डॉ. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि नंतर थकत जाणारे हृदय यांचा क्रम टिपला. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपाय त्यांनी मांडला आणि १९८६ मध्ये त्यावरचा लेखही तिथेच आला. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज या विषयाच्या कोणत्याही भारतीय विद्यार्थ्याला विंचूदंशावर प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर रायगडमध्ये लिहिले गेलेले असते. आपत्कालीन वैद्यक म्हणजे महागडी यंत्रे आणि काचेच्या खोल्या असे मानणाऱ्यांनी बिरवाडीचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीस देशात या क्षेत्रातल्या डॉक्टरांची सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन, इंडिया ही संघटना उभी राहिली. अधिकृत पदवी नसल्याने मधल्या काळात मोठ्या खासगी रुग्णालयांनी आपापल्या वाटा काढल्या. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने २००७ पासून भारतीय रुग्णालयांबरोबर तीन वर्षांचे प्रशिक्षण सुरू केले. मुंबईचे कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय त्यातल्या भागीदारांपैकी एक. काही डॉक्टरांनी ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या सदस्यत्वाच्या परीक्षा दिल्या. पुण्यात सिम्बायोसिसने आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा पदव्युत्तर डिप्लोमा काढला, त्याला एमबीबीएसबरोबर आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधरही बसू शकत. या अभ्यासक्रमांनी कामाची माणसे घडवली यात शंका नाही. पण मान्यताप्राप्त पदव्यांच्या राष्ट्रीय यादीत त्यांपैकी बहुतेकांना स्थान नसल्याने हे प्रशिक्षित डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक होऊ शकत नव्हते. ज्यांना येत होते त्यांना शिकवता येत नव्हते, आणि ज्यांना शिकवण्याचा अधिकार होता ते दुसऱ्याच शाखांचे होते.

२००९ च्या मान्यतेने ही कोंडी एकदम फुटली नाही. नव्या शाखेला जुने शिक्षक कुठून आणणार? नियमाने तात्पुरता तोडगा काढला : मेडिसिन, सर्जरी, भूलशास्त्र, अस्थिरोग किंवा छातीरोग यांतला पदव्युत्तर डॉक्टर आपत्कालीन विभागात दोन वर्षे प्रशिक्षण घेऊन अध्यापक होऊ शकेल. त्यामुळे पहिल्या पिढीच्या विभागांवर त्यांच्या प्रमुखांच्या मूळ शाखेची छाप पडली. भूलतज्ज्ञ प्रमुख असेल तिथे श्वासमार्गाचे काम उत्तम चाले, सर्जन असेल तिथे जखमींचे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०१३ मध्ये या विषयात डीएनबी हा आपला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केल्यावर महाविद्यालय नसलेल्या मोठ्या रुग्णालयांनाही अधिकृत प्रशिक्षणाची दारे खुली झाली आणि खासगी पदविकांचे आकर्षण ओसरू लागले. आता एमडी आणि डीएनबी झालेले पहिले तज्ज्ञ स्वतः अध्यापक झाले आहेत.

अभ्यासक्रमाच्या तीन वर्षांत रेसिडेंटला काय यावे लागते हे पाहिले तर इतर शाखांशी असलेला फरक लगेच कळतो. मेडिसिनचा विद्यार्थी निदानापासून उपचाराकडे जातो. इथे क्रम उलटा असतो. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची अवस्था आणि मग अंगावरचे कपडे काढून सर्व शरीराची तपासणी, हा क्रम आधी पाळायचा, आणि निदान त्यातून निघाले तर निघेल. ही शिस्त जगभर रुजली ती एका अपघातातून. जेम्स स्टायनर या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाचे छोटे विमान १९७६ मध्ये नेब्रास्कात कोसळले. गावातल्या रुग्णालयात आपल्या मुलांवर झालेले उपचार पाहून त्यांनी जखमींच्या पहिल्या तासाचा अभ्यासक्रम रचला. १९७८ मध्ये त्याचा पहिला वर्ग झाला. एटीएलएस या नावाने तो आज भारतातही चालतो आणि बहुतेक रेसिडेंट तो शिक्षणकाळातच उरकतात.

रेसिडेंटची फिरती भूल, अतिदक्षता, हृदयरोग, बालरोग, अस्थिरोग, स्त्रीरोग अशा विभागांतून होते. पण मुख्य मुक्काम आपत्कालीन विभागातच. तिथे पहिले काम ट्रायेजचे. दारातून येणाऱ्यांना तातडीनुसार लाल, पिवळे, हिरवे आणि काळे अशा गटांत वाटायचे. रांगेत आधी कोण आला, कोणाच्या ओळखीचा आहे किंवा कोण जास्त आरडाओरडा करतो याला इथे किंमत नसते. जो गप्प पडला आहे तो बहुधा लाल गटातला असतो, हे नवख्या डॉक्टरला सांगून पटत नाही, अनुभवानेच कळते. मग हाताची कौशल्ये येतात : श्वासनलिकेत नळी घालणे, छातीत नळी घालून हवा किंवा रक्त काढणे, मोठ्या शिरेत सुई बसवणे, सोनोग्राफीचा प्रोब फिरवून पोटात रक्तस्राव आहे का ते दोन मिनिटांत पाहणे, हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही ते ठरवणे.

कोकणात याला स्थानिक पाठ जोडावे लागतात. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाला ॲट्रोपिन किती आणि कधीपर्यंत द्यायचे, हा त्यातला एक. सर्पदंशात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी हा दुसरा. या चाचणीला यंत्र लागत नाही. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची परीक्षानळी घ्यायची, त्यात थोडे ताजे रक्त घालून वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे आणि प्रतिविष द्यायचे. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसते. नाग आणि मण्यार यांच्या दंशात मात्र रक्त नीट गोठते आणि पापण्या जड होतात, त्यामुळे नळीवर विसंबणाऱ्याला मण्यारीचा रुग्ण झोपलेला वाटतो. पाठ्यपुस्तकात या दोन गोष्टी दोन ओळींत संपतात. त्या माहीत नसलेला डॉक्टर जिल्ह्यातल्या कोणत्याही रुग्णालयात एकट्याने पाळी सांभाळू शकत नाही.

हे सारे तपासायचे कसे, हा शिक्षणातला सर्वांत अवघड भाग. एमडीची अंतिम परीक्षा रूढ चौकटीतच आहे. प्रत्येकी १०० गुणांचे चार लेखी पेपर, त्यांत पहिला मूलभूत शास्त्रांचा आणि शेवटचा नव्या घडामोडींचा. शोधनिबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करायचा. त्यानंतर प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण हवेत. जुन्या पद्धतीत प्रात्यक्षिक म्हणजे एक मोठी केस आणि काही छोट्या केसेस. विद्यार्थ्याने पाऊण तास रुग्ण तपासायचा आणि परीक्षकांपुढे वृत्तांत मांडायचा. ही पद्धत संधिवाताच्या रुग्णासाठी ठीक आहे. पण श्वास अडकलेल्या रुग्णाला कोणी परीक्षेसाठी पाऊण तास राखून ठेवत नाही, आणि ठेवूही नये. परीक्षेला मिळणारा रुग्ण स्थिर असतो, म्हणजे या शास्त्राच्या दृष्टीने तो मुळात रुग्णच उरलेला नसतो.

यावरचा उपाय स्कॉटलंडमधून आला. डंडी विद्यापीठातील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये ऑस्की ही पद्धत मांडली. खोल्यांची किंवा टेबलांची एक माळ लावायची, प्रत्येक ठिकाणी ठराविक मिनिटांचे एकच काम द्यायचे, घंटा झाली की पुढे सरकायचे. प्रत्येक टेबलाशी परीक्षक आधीच ठरवलेल्या पायऱ्यांच्या यादीवर खुणा करत बसतो. एका ठिकाणी पुतळ्यावर हृदय चालू करायचे, दुसरीकडे ईसीजी वाचायचा, तिसरीकडे विषबाधेच्या रुग्णाचे नातेवाईक म्हणून बसलेल्या व्यक्तीकडून माहिती काढायची, चौथीकडे मृत्यूची बातमी सांगायची. सगळ्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न, एकच वेळ आणि एकच मोजपट्टी मिळत असल्याने नशिबाचा भाग कमी होतो. आपल्याकडे परीक्षकाच्या मर्जीवर चालणाऱ्या तोंडी परीक्षेला हा मोठाच उतारा होता. डीएनबीच्या प्रात्यक्षिकाने ही पद्धत स्वीकारली आणि विद्यापीठांच्या परीक्षांतही तिचा वाटा वाढतो आहे. तिच्यातही खोट आहे. पायऱ्यांची यादी पाठ करून आलेला विद्यार्थी 'मी हात धुतले, मी संमती घेतली' असे तोंडाने म्हणत गुण मिळवतो. प्रत्यक्षात तो गोंधळणार आहे हे घंटेला कळत नाही.

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरच्या क्षमतेची चार थरांची उतरंड मांडली : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी पेपर खालचे दोन थर तपासतो, ऑस्की तिसरा. चौथा थर परीक्षागृहात तपासता येतच नाही, तो पाळीवरच पाहावा लागतो. म्हणून रेसिडेंटच्या लॉगबुकला महत्त्व आले. कोणती प्रक्रिया किती वेळा पाहिली, किती वेळा मदतीने केली, किती वेळा एकट्याने केली याची नोंद त्यात होते आणि वरिष्ठ सही करतो. रुग्ण तपासताना अध्यापकाने दहा-पंधरा मिनिटे शेजारी उभे राहून पाहायचे आणि लगेच चूक-बरोबर सांगायचे, अशाही पद्धती अभ्यासक्रमात आल्या आहेत. कागदावर त्या उत्तम आहेत. पण ज्या विभागात एका रात्रीत लाल गटातले रुग्ण एकामागून एक येतात तिथे अध्यापकाला पंधरा मिनिटे मोकळी मिळत नाहीत, आणि महिनाअखेरीस लॉगबुकवर एका बैठकीत सह्या होतात. हा दोष एखाद्या संस्थेचा नाही, अपुऱ्या मनुष्यबळाचा आहे. तरी त्याकडे डोळेझाक केली तर परीक्षा फक्त नावाला उरते. २०२० च्या सुधारित नियमांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक केले, हा त्या मानाने खरा बदल. महाविद्यालयाच्या भिंतीआड न दिसणारी उणीव तिथे दिसते.

तज्ज्ञ तयार होऊ लागले तरी रुग्ण दारापर्यंत पोहोचेपर्यंतचा काळ कोणाच्या हाती, हा प्रश्न होताच. मुंबईत २००५ मध्ये १२९८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. त्याच वर्षी हैदराबादला १०८ क्रमांकाची सेवा उभी राहिली आणि ती एकेका राज्यात पसरली. महाराष्ट्रात १०८ आली ती २६ जानेवारी २०१४ रोजी : ९३७ रुग्णवाहिका, त्यांत २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक, नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला, संचालन तेव्हा बीव्हीजी इंडियाकडे. इतर राज्यांत रुग्णवाहिकेत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवण्याचा निर्णय घेतला. एवढे एमबीबीएस मिळणे शक्यच नव्हते, म्हणून आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांना प्रशिक्षण देऊन गाडीवर नेमले गेले. या निर्णयावर वैद्यकीय संघटनांत आजही दोन मते आहेत. पण द्रुतगती मार्गावर किंवा पोलादपूरच्या घाटात मध्यरात्री पोहोचणारा पहिला डॉक्टर हाच असतो, हे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते. एमडीच्या विद्यार्थ्यावर तीन वर्षांत परीक्षेचे चार-पाच थर चढतात. गाडीवरच्या डॉक्टरची पात्रता मुख्यतः त्याच्या नोंदणीवर आणि सेवेतल्या प्रशिक्षणावर ठरते. मूल्यमापनाचे हे अंतर या सबंध व्यवस्थेतली सर्वांत कच्ची जागा आहे.

या व्यवस्थेची खरी तोंडी परीक्षा पनवेल तालुक्याच्या आसपास २०२३ या एका वर्षात दोनदा झाली. १६ एप्रिलला खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. अनेकांना कामोठ्याच्या एमजीएम आणि परिसरातल्या इतर रुग्णालयांत आणले गेले. उष्माघातात औषधापेक्षा वेळ मोठी असते. शरीराचे तापमान पहिल्या अर्ध्या तासात उतरवता आले तर मेंदू आणि मूत्रपिंडे वाचतात, म्हणून उपचार मैदानावरच, बर्फ आणि पाण्याने सुरू व्हावे लागतात. तीन महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. पावसात, चिखलात पायी चढूनच पथके पोहोचली, आणि चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. जखमींपैकी काहींना पुन्हा कामोठ्यालाच आणण्यात आले. अशा वेळी ट्रायेजचे रंग बदलतात. एरवी ज्याच्यासाठी सारा विभाग धावला असता तो रुग्ण मागे ठेवून वाचू शकणाऱ्यांकडे वळावे लागते. सामूहिक दुर्घटनेचा हा सराव अभ्यासक्रमात आहे, पण तो वर्षातून एखाद्या सकाळी, छायाचित्रांपुरता होऊ नये.

नियमांच्या पातळीवर मधल्या काळात गाडी पुढे जाऊन मागे आली. वैद्यक परिषदेची जागा सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. त्याच वर्षीच्या किमान मानकांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आपत्कालीन वैद्यकाचा स्वतंत्र विभाग अनिवार्य केला. देशभरात विभाग उघडले, पदे निघाली. २०२३ च्या मानकांत मात्र अनिवार्य विभागांच्या यादीतून हे नाव वगळले गेले. संघटनांनी निषेध केला. अध्यापकांची टंचाई हे कारण खरे असले तरी उपाय चुकीचा होता, कारण विभागच नसेल तर अध्यापक घडणार कुठे? पदवीच्या विद्यार्थ्याला आजही इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीचे दोनच आठवडे मिळतात, म्हणजे १९९७ इतकेच.

पनवेलजवळचा करंजाडे हा गाढी नदीकाठचा सिडकोचा नोड विमानतळामुळे या इतिहासात अलीकडे आला. नवी मुंबई विमानतळासाठी हललेल्या गावांतल्या काही कुटुंबांना करंजाडे-वडघर भागात भूखंड मिळाले आणि वस्ती वाढत गेली. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी उड्डाणे सुरू झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार प्रत्येक विमानतळाला आपत्कालीन योजना ठेवावी लागते आणि तिचा पूर्ण प्रमाणातला सराव जास्तीत जास्त दोन वर्षांच्या अंतराने घ्यावा लागतो. भोवतालची रुग्णालये आणि रुग्णवाहिका सेवा या योजनेचा भाग असतात. पनवेल आणि नवी मुंबईतल्या आपत्कालीन विभागांचे डॉक्टर, त्यांचे रेसिडेंट आणि १०८ च्या गाड्यांवरचे डॉक्टर यांना एकाच वेळी, एकाच मोजपट्टीवर तपासण्याची ही पहिली नियमित संधी आहे.